गाडीचं फेसलिफ्ट: रूप खरंच सुधारतं की फक्त नवं दिसतं?

या आठवड्याच्या व्हिडिओत दुकानाच्या रिनोव्हेशनवर बोलताना गाडीच्या फेसलिफ्टचं उदाहरण घाईत उरकलं. आज ते नीट बघू. खर्च कुठे करायचा आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे त्यातून छान कळतं.

फेसलिफ्टमध्ये बदलतं काय?

गाडीची दारं, छप्पर, खिडक्यांची रेषा हे सगळं पत्र्याचं काम. त्याचे साचे फार महाग असतात. बंपर, ग्रिल, दिवे मात्र तुलनेने स्वस्तात बदलता येतात. म्हणून मॉडेलच्या आयुष्याच्या मध्यावर विक्री मंदावली की कंपनी पुढचा आणि मागचा चेहरा बदलते, मधला भाग तसाच ठेवते. गंमत इथेच आहे. नवा चेहरा जुन्या अंगाला शोभला पाहिजे ना!

नेक्सॉनचं उदाहरण

टाटा नेक्सॉन 2017 मध्ये आली. गोलसर अंग, मागे उतरतं छप्पर. जानेवारी 2020 मध्ये पहिलं फेसलिफ्ट आलं. नाक उंच आणि सपाट झालं. हा बदल नुसता शोभेचा नव्हता, पादचाऱ्यांच्या सुरक्षेचे नियमही त्यामागे होते. सप्टेंबर 2023 मध्ये दुसरं फेसलिफ्ट आलं. वर बारीक दिवे, खाली हेडलॅम्प, मागे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाइटची पट्टी. आत नवा डॅशबोर्ड.

माझं मत विचाराल तर समोरून 2023 ची गाडी जास्त देखणी आहे. पण बाजूला उभं राहून बघा. दारं आणि छप्पर 2017 चंच. टोकदार चेहरा आणि गोलसर अंग, थोडा विजोड वाटतो. म्हणजे गाडी नवी नक्की दिसते. सुंदर झाली का, हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर आहे!

मग चांगलं फेसलिफ्ट कोणतं?

जे गिऱ्हाइकाची खरी तक्रार मिटवतं ते. अमेरिकेत 2012 च्या होंडा सिविकवर आतलं प्लास्टिक हलकं वाटतं अशी टीका झाली. होंडाने तीन-चार वर्षं वाट पाहिली नाही. साधारण दीड वर्षातच, 2013 च्या मॉडेलमध्ये, चेहऱ्यासोबत आतलं मटेरियलही सुधारलं.

आपल्यासाठी धडा

मी हीच चूक केली आहे. दुकानाला नवा एलईडी बोर्ड लावला. लोक बोर्ड बघून आत आले, पण आत तोच अंधार, तेच अडचणीचं काउंटर. आलेलं गिऱ्हाईक टिकलं नाही. आधी आतले दिवे बदलले असते तर निम्म्या खर्चात काम झालं असतं.

म्हणून पैसे काढण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा:

1. गिऱ्हाईक नेमकी कशाबद्दल कुरकुर करतं?
2. हा बदल ती कुरकुर मिटवतो का?
3. नवा भाग उरलेल्या जुन्या भागाशी जुळतो का?

आणि हो, धंद्यासाठी गाडी घेणार असाल तर फेसलिफ्टच्या तोंडावर जुन्या स्टॉकवर सूट मागा. गाडी सात-आठ वर्षं वापरणार असाल तर तो सौदा फायद्याचा. दोन-तीन वर्षांत विकणार असाल तर जपून, जुन्या चेहऱ्याला भाव कमी येतो.

चला, भेटू पुढच्या व्हिडिओत!