पुढच्या गुरुवारी या

"शेवटची पाळी कधी आली होती?" हा प्रश्न मी चौतीस वर्षं विचारला. भोसरीतल्या एका छोट्या प्रसूतिगृहात मी परिचारिका होते. तारीख सांगणारी बाई क्वचित भेटायची. "पोळ्याच्या आधी." "दिराच्या हळदीला मी बाजूला बसले होते बघा, तेव्हा." "कंपनीत लागले, त्याच्यानंतर." मग सणावरून, लग्नावरून, पगाराच्या तारखेवरून मागे मागे जात मी दिवस काढायचे आणि केसपेपरवर आठवडे लिहायचे. मराठीत बाई गरोदर राहिली की आपण म्हणतो, दिवस गेले. ते जातात कुठे, हे मला त्या टेबलाशी बसून कळलं.

आमच्याकडे गर्दी गुरुवारी. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे बायकांचं दुखणंखुपणं, माहेरचं बोलावणं, दळण, सगळं त्याच दिवशी. एखादा कागद कमी असला, डॉक्टर बाहेर असल्या, पैसे पुरले नाहीत, की आम्ही सांगायचो, "पुढच्या गुरुवारी या." सांगताना आम्हाला तो साधा निरोप वाटायचा. पोटातल्या गर्भाच्या हिशेबात तो एक अख्खा आठवडा असायचा.

2016 च्या श्रावणात एक मुलगी आली. वय तेवीस, नांदेडकडची. चाकणला कंत्राटावर, गाड्यांच्या वायरिंगच्या लाईनवर उभ्यानं काम. दीड वर्षाचं मूल गावी सासूकडे ठेवलेलं, नवरा ट्रकवर. महाळुंग्याच्या एका खोलीत तिघी राहायच्या. तिला हे दुसरं मूल आत्ता नको होतं. बोटं मोजून म्हणाली, "चार महिने झाले असतील, ताई." सोनोग्राफीत निघाले 19 आठवडे आणि 4 दिवस. तेव्हाच्या कायद्यात मर्यादा 20 आठवड्यांची. तो गुरुवार होता. रविवारी वीस पूर्ण होणार होते.

एवढा उशीर का केलास, असं तिला पुढे कितीजणांनी विचारलं असेल. मी तिच्याशेजारी बसून तो उशीर मोजला. मूल अंगावर पीत होतं तोवर पाळी अनियमितच होती, त्यामुळे दोन महिने लक्षातच आलं नाही. दुकानातून पट्टी आणून तपासलं तेव्हा नववा आठवडा. औषधाच्या दुकानात गोळ्या मागितल्या. दुकानदारानं असं काही ठेवत नाही म्हणून वाटेला लावलं. खोलीजवळच्या दवाखान्यात गेली तर मॅडम पुढच्या गुरुवारी. त्या गुरुवारी कंपनीचा माल जायचा होता, ओव्हरटाइम लागला. नाही म्हटलं तर कंत्राटदार गेटपास काढून घेतो, ही भीती. मग आधार कार्ड हवं, ते गावी. गावाकडून येणाऱ्या माणसाच्या हाती ते पोचायला पंधरा दिवस. मग "नवऱ्याची सही आणा". नवरा गुजरातकडे, तीन आठवडे. मग पैसे, म्हणजे दहा तारीख.

आमच्या डॉक्टरांनी तिला मोठ्या रुग्णालयात पाठवलं, कारण इतक्या दिवसांचं काम आमच्याकडे होत नसे. तिथेही पुन्हा विचारलं गेलं, नवरा कुठंय? सज्ञान बाईच्या गर्भपाताला फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची, सासऱ्याची, बापाची सही कायद्यानं कधीच मागितलेली नाही. हे मला तेव्हाही पाठ होतं. मी तिला चिठ्ठी लिहून दिली, सोबत गेले नाही. माझी संध्याकाळची पाळी होती. रविवार उलटून गेला.

ती बाळंत झाली थंडीत, गावी. नोकरी गेलीच होती. पुढे एकदा भेटली तेव्हा कडेवर छान टपोऱ्या डोळ्यांची पोर होती. त्या पोरीबद्दल कुणाच्या मनात किंतू असायचं कारण नाही. माझं बोट आहे ते नऊ ते वीस या अकरा आठवड्यांवर. त्यातला एकही आठवडा तिनं विचार करण्यात घालवला नव्हता. तिचं नववा आठवडा लागतानाच ठरलेलं होतं.

वीस आठवड्यांचा हा कायदा आला कसा, ते सांगायला हवं. 1860 च्या दंडसंहितेनं, बाईचा जीव वाचवायचा नसेल तर गर्भपात हा गुन्हा ठरवला होता. करणाऱ्याचा आणि स्वतः बाईचाही. गुन्हा ठरल्यानं गर्भपात थांबत नाहीत, ते अंधारात होतात. ज्योतिराव आणि सावित्रीबाईंनी 1863 मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते याच अंधारातल्या विधवांसाठी. माझे वडील पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये होते. 1954 साली स्थापन झालेली ही कंपनी, आमच्या भाषेत एच.ए. देशाचं पेनिसिलिन इथे बनायचं. आई सांगायची, कुणा बाईला सुईणीनं काडी घातली, अंगात ताप चढला, आणि पेनिसिलिन बनवणाऱ्या गावात राहून ती वाचली नाही. कारण काय झालंय हे घरच्यांनी दवाखान्यात सांगितलंच नाही.

केंद्र सरकारनं 1964 मध्ये यावर समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा. 1966 च्या अखेरीस अहवाल आला, 1971 मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून लागू झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत, पुढे वीसपर्यंत दोघांचं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा हक्क मान्य करणारा रो खटल्याचा निकाल दिला तो 22 जानेवारी 1973 ला, म्हणजे आपल्यानंतर. आपल्याकडे या प्रश्नावर पक्ष फुटले नाहीत, निवडणुका लढल्या गेल्या नाहीत. याचा आपल्याला अभिमान वाटतो, पण त्यामागचं कारणही ओळखून असावं. तेव्हा देशाला लोकसंख्येची चिंता होती आणि डॉक्टरांना अशा बायकांच्या मरणाची. कायदा लिहिला गेला तो डॉक्टरला संरक्षण म्हणून. बाईचा हक्क म्हणून तो लिहिलेला नाही. आजही बाईनं मागितलं म्हणजे मिळालं, असं त्यात नाही. डॉक्टरचं तसं मत पडावं लागतं. म्हणून तर कुणीही सही मागू शकतं आणि बाई ती निमूट आणायला जाते.

अमेरिकेत मात्र या प्रश्नावर निवडणुका लढतात. माझी भाची तिथे टेक्सासमध्ये असते, डॅलसजवळ. 28 जून 2024 च्या सकाळी साडेसहाला तिचा फोन आला, "मावशी, लाव." तिथे 27 तारखेची रात्र होती आणि अध्यक्षपदाच्या निवडणुकीतला बायडेन-ट्रम्प यांचा वादविवाद सुरू होत होता. बायडेन 81 वर्षांचे, ट्रम्प 78. पुढचे काही दिवस सगळीकडे चर्चा झाली ती बायडेन यांच्या अडखळण्याची, हे गृहस्थ चार वर्षं कारभार पेलतील का याची. महिन्याभरात, 21 जुलैला, त्यांनी माघारही घेतली. मी मात्र चहा गार होईस्तोवर गर्भपाताच्या प्रश्नाकडे कान लावून बसले होते. ट्रम्प म्हणत होते, प्रत्येक राज्यानं आपापलं ठरवावं, आणि समोरचा पक्ष आठव्या-नवव्या महिन्यातही गर्भ पाडू देतो असा आरोप करत होते. बायडेन म्हणत होते, रो निकालाची व्यवस्था परत आणू. बोलता बोलता दोघंही घसरले सीमेवर, बाहेरून येणाऱ्या लोकांच्या गुन्ह्यांवर. गरोदर बाईचे आठवडे जातात कसे, हे कुणी काढलंच नाही.

भाचीच्या राज्यात 1 सप्टेंबर 2021 पासून सहा आठवड्यांची मर्यादा आली, आणि 24 जून 2022 ला रो निकाल रद्द झाल्यावर जवळजवळ संपूर्ण बंदी. सहा आठवडे म्हणजे किती? गर्भाचं वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. बाईची पाळी चुकते त्या दिवशीच हिशेबानं चार आठवडे झालेले असतात. उरले दोन. माझ्या त्या मुलीसारख्या, पाळीचा नेम नसलेल्या बाईला ते दोनही नाहीत. ही साधी बेरीज कायदा करणाऱ्यांपैकी किती जणांना येत असेल, असा प्रश्न मला मनापासून पडतो.

बंदी काय करते, ते आपल्या बेळगावनं पाहिलंय. सविता हलप्पनवार बेळगावची लेक, दंतवैद्य, नवऱ्याबरोबर आयर्लंडमध्ये. ऑक्टोबर 2012 मध्ये, सतरा आठवड्यांवर, तिचा गर्भ टिकणार नाही हे डॉक्टरांना दिसत होतं. तिनं गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू होते म्हणून नाकारला गेला. जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि 28 ऑक्टोबरला ती गेली. वय 31. तिचा फोटो हातात घेऊन तिथले लोक रस्त्यावर उतरले आणि 25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्क्यांनी घटनेतली बंदी काढून टाकली.

आपल्याकडे मर्यादेला पहिला मोठा धक्का मुंबईतून बसला. 2008 मध्ये निकेता मेहता यांच्या गर्भाच्या हृदयात दोष असल्याचं वीस आठवड्यांनंतर कळलं. त्या, त्यांचे पती आणि डॉक्टर निखिल दातार मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑगस्टमध्ये परवानगी नाकारली गेली. गर्भाचे अवयव नीट दिसणारी सोनोग्राफी होतेच मुळी अठरा ते वीस आठवड्यांत. दोष कळतो तोवर दार बंद, अशी ती रचना होती. बदलायला 2021 उजाडलं. 24 सप्टेंबर 2021 पासून वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. बलात्कारपीडित, अल्पवयीन, गरोदरपणात विधवा किंवा घटस्फोटित झालेल्या, अपंग, अशा स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मतानं चोवीसपर्यंत मुभा आहे. गर्भात गंभीर दोष असल्याचं वैद्यकीय मंडळानं ठरवलं तर आठवड्यांची मर्यादा नाही. बाईचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अविवाहित स्त्रीलाही चोवीस आठवड्यांची तीच वाट मोकळी आहे. त्या पीठावर न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड होते. त्यांचं मूळ गाव कन्हेरसर, खेड तालुक्यातलं. चाकणही खेड तालुक्यातच. तालुका तोच, पण निकाल महाळुंग्याच्या खोलीपर्यंत पोचायला अजून बराच रस्ता बाकी आहे.

दुसरी एक गोष्ट मला नर्स म्हणून बोललीच पाहिजे, कारण त्या दुकानदाराच्या नकाराचं मूळ तिथे आहे. मुलगी नको म्हणून पाडलेले गर्भ मी पाहिलेत, आणि तो राग माझ्यात आजही आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं केला, 1988 मध्ये. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 2001 मध्ये मुली होत्या 913, 2011 मध्ये उरल्या 894. मग धाडी पडल्या, सोनोग्राफी यंत्रं सील झाली. हे व्हायलाच हवं होतं. पण त्या भीतीत आमच्या भागातल्या कितीतरी दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं. आता विचार करा. या गोळ्या नियमानं नऊ आठवड्यांच्या आत घ्यायच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीवर. सोनोग्राफीत लिंग कळू लागतं बाराव्या-तेराव्या आठवड्यापासून पुढे. गोळी घेणारीला मुलगा की मुलगी हे माहीत असणंच शक्य नाही. लवकर होऊ शकणारा, सोपा गर्भपात अवघड झाला आणि बायका ढकलल्या गेल्या उशिराकडे.

रजेचंही असंच. गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा हा कामगार स्त्रीचा हक्क आहे, 1961 च्या प्रसूतिलाभ कायद्यापासून चालत आलेला. कामगार विमा योजनेतही तो आहे. माझ्या चौतीस वर्षांत ही रजा मागणारी एकही कंत्राटी बाई मला भेटली नाही. मागायची तर सुपरवायझरला सांगावं लागेल, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या लाईनला कळेल. त्यापेक्षा बाई दोन खाडे सोसते, "जुलाब झाले" म्हणते आणि तिसऱ्या दिवशी उभी राहते, रक्त जात असताना.

निवृत्त झाल्यापासून मी रविवारी संध्याकाळी नाणेकरवाडी-महाळुंग्याकडे जाते, मुलींच्या खोल्यांवर. भाषण करत नाही. भिंतीवर दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहिलेलं कॅलेंडर असतंच. पाळी येईल त्या तारखेवर लाल पेनानं एक ठिपका द्यायला सांगते, आणि माझा नंबर मागच्या पानावर लिहिते. सही कुणाची लागते, कुणाची लागत नाही, तेही तिथेच लिहून देते. कुणी सोबत मागितली तर जाते.

मागच्या महिन्यात रात्री दहाला एकीनं फोटो पाठवला. कॅलेंडरचं पान, आधीच्या महिन्यातला ठिपका, आणि या महिन्यात एका तारखेपुढे पेनानं काढलेलं प्रश्नचिन्ह. मी फोन केला. "किती दिवस वर गेलेत?"

"नऊ."

म्हणजे पाच आठवडे आणि दोन दिवस. मी विचारलं, तुला काय हवंय? ती थोडा वेळ गप्प राहिली, मग तिनं सांगितलं. "गुरुवारी येऊ का ताई? सुट्टी असते."

तो सोमवार होता. मी म्हटलं, उद्या सकाळची पाळी सुटली की गेटवर थांब, मी येते.