मतपत्रिकेवरची लेखणी कोणाच्या हाती?

गोव्यातील जनमत कौलात १६ जानेवारी १९६७ रोजी मतदाराला फार वाचावे लागले नाही. ‘फूल’ म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, ‘दोन पाने’ म्हणजे केंद्रशासित दर्जा. परंतु प्रस्तावाचा मसुदा किचकट कायदेशीर भाषेत असतो, तेव्हा मतदार विसंबतो तो मथळ्यावर आणि सारांशावर. मग ते लिहिणारा कोण, हा प्रश्न प्रस्तावाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात हे काम राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे आहे. ते स्वतः निवडून आलेले, म्हणजेच राजकारणातले. २००८ साली विवाह केवळ स्त्री-पुरुषांमध्येच मान्य करणारा आठव्या क्रमांकाचा प्रस्ताव आला. स्वाक्षऱ्या गोळा करताना त्याचा मथळा ‘विवाहावर मर्यादा’ असा होता. मधल्या काळात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता दिली आणि ॲटर्नी जनरल जेरी ब्राऊन यांनी मथळा बदलून ‘समलिंगी जोडप्यांचा विवाहाचा हक्क रद्द’ असा केला. समर्थक न्यायालयात गेले, मथळा टिकला. दोन्ही मथळे खोटे नव्हते, पण मतदाराच्या मनावर दोहोंचा परिणाम सारखा होणे शक्य नव्हते. वस्तुस्थितीला धरून असणे आणि तटस्थ असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा यातील धडा.

सरकारी विवरणात तर वस्तुस्थितीही चुकू शकते. स्वित्झर्लंडमध्ये विवाहितांवरील करभाराविषयीचा प्रस्ताव फेब्रुवारी २०१६ मध्ये निसटत्या फरकाने फेटाळला गेला. जादा कर भरणारी, पतिपत्नी दोघेही कमावती असलेली जोडपी ८० हजार असल्याचे सरकारने सांगितले होते. प्रत्यक्षात ती साडेचार लाखांच्या घरात निघाली. एप्रिल २०१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते मतदानच रद्द केले.

ओरेगॉन राज्याची पद्धत अधिक शहाणपणाची वाटते. मथळा तेथेही ॲटर्नी जनरलच देतात. मात्र मतदार पुस्तिकेतील विवरण पाच जणांची समिती लिहिते. दोन सदस्य समर्थकांचे, दोन विरोधकांचे आणि पाचवा त्या चौघांनी निवडलेला. तरीही आक्षेप उरलाच, तर सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडे असते.

संपूर्ण तटस्थ माणूस शोधत बसण्यापेक्षा दोन्ही पक्षांना एका मेजाशी बसवणे आणि मतदानापूर्वीच न्यायालयीन तपासणीची सोय ठेवणे, हाच व्यवहार्य मार्ग होय. मतदान उरकल्यावर सापडलेल्या चुकीची दुरुस्ती फार महाग पडते.