मेंढपाळाचे दोन सोबती

कुत्रा पाळावयाचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो असा : कोणती जात अधिक हुशार? बॉर्डर कॉली आणि जर्मन शेफर्ड, म्हणजेच आपल्याकडे अल्सेशियन या नावाने परिचित असलेला कुत्रा, यांच्या बाबतीत या प्रश्नाचा फारसा उपयोग नाही. दोन्ही जाती मेंढ्या राखण्यासाठी घडविल्या गेल्या आणि दोन्ही बुद्धिमान आहेत. परंतु ज्या भूमीवर त्या घडल्या ती भूमी भिन्न होती; म्हणून त्यांचे कामही भिन्न होते. घरी कोणास आणावे, याचे उत्तर या भेदातच दडलेले आहे.

इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरील उघड्या डोंगरांवर मेंढ्या दूरवर विखरून चरतात. त्या गोळा करून धन्यापाशी आणणे हे बॉर्डर कॉलीचे काम. शीळ ऐकताच तो मोठा वळसा घेऊन कळपाच्या पलीकडे जातो, अंग जमिनीलगत झुकवितो आणि नजर रोखून पुढे सरकतो. त्या नजरेच्या धाकानेच कळप हलू लागतो. हे मूळ शिकारीचेच तंत्र होय. लांडगा सावज शोधतो, टक लावतो, दबा धरतो, पाठलाग करतो आणि अखेर झडप घालून मारतो. मनुष्याने पिढ्यान् पिढ्या निवड करून मधल्या पायऱ्या तीव्र केल्या आणि शेवटची दडपून टाकली. १८९३ साली नॉर्थम्बरलँड परगण्यात ॲडम टेल्फर यांच्याकडे जन्मलेला ओल्ड हेम्प हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो.

जर्मनीत कळप बहुधा कुंपण नसलेल्या पिकांच्या मधून चरत असे. तेथे कुत्र्याने पिकाच्या कडेने दिवसभर ये-जा करावयाची आणि हद्द ओलांडणाऱ्या मेंढीला मागे सारावयाचे. तो जणू चालतेबोलते कुंपणच. अशा कुत्र्यांतून माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळातील माजी अधिकाऱ्याने १८९९ साली होरांड नावाचा कुत्रा निवडून नव्या जातीचा पाया घातला. हद्द राखण्याचा हा गुण पुढे पोलीस व लष्कर यांच्या कामी आला. १९१६ साली ओल्डेनबुर्ग येथे अंध सैनिकांसाठी वाटाड्या कुत्र्यांची शाळा निघाली, तेथेही याच जातीला काम मिळाले.

आता घराचा विचार करू. कळप नसला तरी बॉर्डर कॉलीची प्रवृत्ती लोपत नाही. धावणारी मुले, सायकली, मोटारींची चाके हाच त्याचा कळप होतो आणि क्वचित टाचांना दातही लागतात. चेझर नावाच्या कुत्रीला १,०२२ वस्तूंची नावे कळत असल्याचा शोधनिबंध २०११ साली प्रसिद्ध झाला. परंतु त्यामागे तीन वर्षे, दररोज चार ते पाच तासांचे शिक्षण होते, हे विसरू नये. बुद्धी वेळ मागते.

जर्मन शेफर्ड आकाराने मोठा, साधारण २२ ते ४० किलो वजनाचा; बॉर्डर कॉली १४ ते २० किलोचा. जर्मन शेफर्ड घराची हद्द आपली मानतो. म्हणून लहानपणीच त्याची पाहुण्यांशी व रस्त्यावरील गजबजाटाशी ओळख करून द्यावी. अन्यथा राखणीचे रूपांतर संशयात होते. या जातीत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष आढळतो, तर बॉर्डर कॉलीत डोळ्यांचा. पिलू घेण्यापूर्वी आईबापांची तपासणी झाल्याची खात्री करावी. दोघांचीही लव दुहेरी असते. आपल्या उन्हाळ्यात त्यांचा व्यायाम पहाटे वा सायंकाळीच व्हावा.

तथापि जातीवरून सर्व काही ठरत नाही. २०२२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या पाहणीत असे दिसले की, कुत्र्याकुत्र्यांच्या वर्तनातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच जातीमुळे स्पष्ट होतात. म्हणून समोरच्या पिलाचा स्वभावही पाहावा.

मोकळी जागा आणि रोज नवे काम देणारी माणसे असतील, तर बॉर्डर कॉली त्या घरी रमेल. राखणीची गरज असून शिस्त लावण्याचे सातत्य असेल, तेथे जर्मन शेफर्ड शोभेल. दोन्ही गोष्टी नसतील तर तूर्त कोणासही आणू नये. ज्याचे पूर्वज दिवसभर डोंगर व शेते तुडवीत, त्याला साखळीने दाराशी बांधून ठेवणे म्हणजे त्याच्या उपजत गुणांचीच त्याला शिक्षा करणे होय.