आधी शब्द, मग हिशेब

अमेरिकेतील महाविद्यालयांचे प्रवेश वसंत ऋतूत ठरतात, ही समजूत आता जुनी झाली आहे. तेथील अनेक नामवंत खासगी महाविद्यालयांच्या पहिल्या वर्षाच्या जागांपैकी मोठा हिस्सा डिसेंबरच्या मध्यालाच भरलेला असतो. 'अर्ली डिसिजन' नावाच्या या पद्धतीत विद्यार्थ्याने एकाच महाविद्यालयाकडे, साधारणतः १ नोव्हेंबरपर्यंत, अर्ज करावयाचा आणि सोबत करारपत्र द्यावयाचे. त्यावर विद्यार्थी, पालक व शाळेचा समुपदेशक अशा तिघांच्या सह्या लागतात. प्रवेश मिळाल्यास तो स्वीकारीन, अन्यत्र केलेले सर्व अर्ज मागे घेईन आणि नवा अर्ज करणार नाही, असे हे वचन असते.

आपल्याकडून अमेरिकेस जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या घरी या वचनाच्या उत्तरार्धाकडे फारसे लक्ष जात नाही. प्रवेशाच्या आनंदात बाकीचे अर्ज तसेच पडून राहतात. काही जण तर 'पाहू तरी आणखी कोण बोलावते' या हौसेने ते मुद्दाम ठेवतात. ही हौस निरुपद्रवी नाही. ज्याला यायचेच नाही त्याला दुसऱ्या महाविद्यालयाने मार्चअखेर देऊ केलेला प्रवेश म्हणजे प्रतीक्षायादीत ताटकळणाऱ्या कोणाची तरी लांबलेली चिंता. वचन मोडल्याबद्दल विद्यार्थ्याला न्यायालयात खेचण्याची रीत नाही हे खरे; परंतु ते उघडकीस आल्यास हाती आलेला प्रवेश जाण्याची भीती असते, आणि शाळेच्या शब्दाला बट्टा लागून त्याची झळ पुढील वर्षीच्या मुलांना पोहोचते. शिक्षेच्या तरतुदीपेक्षा तिसऱ्याची पत पणाला लावून पाळून घेतलेला असा हा करार आहे. सावकारीत जामीनदाराचे जे स्थान, तेच येथे समुपदेशकाचे!

महाविद्यालयांना यात काय मिळते? देऊ केलेल्या जागांपैकी किती प्रत्यक्षात भरतील, ही त्यांची कायमची विवंचना. बांधून घेतलेला विद्यार्थी येणार हे जवळजवळ निश्चितच असते. त्याच्या मोबदल्यात विद्यार्थ्यालाही काही मिळते. ॲव्हरी, फेअरबँक्स आणि झेकहाउझर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, लवकर अर्ज करण्याचा लाभ सॅट परीक्षेतील सुमारे १०० वाढीव गुणांइतका असल्याचे दाखवून दिले होते. पण या लाभाची किंमत मोजावी लागते. अनेक महाविद्यालयांनी देऊ केलेल्या अर्थसाहाय्याची तुलना करण्याचा हक्क गमावावा लागतो. भाव कळण्यापूर्वीच 'घेतले' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची ही अवस्था होय. ज्यांना भावाची पर्वा नाही अशा सधन कुटुंबांनाच ती परवडते.

करारातून सुटण्याची एक वाट मात्र ठेवलेली आहे. मिळणारे साहाय्य अपुरे पडून शिक्षण घेणे अशक्य होत असेल, तर विद्यार्थ्यास मोकळे केले जाते. म्हणूनच ज्याने साहाय्य मागितले आहे त्याने साहाय्याचे पत्र हाती पडून आकडे तपासल्यावरच इतर अर्ज मागे घ्यावेत; ज्याने मागितलेच नाही त्याने ते विनाविलंब मागे घ्यावेत. 'दुसरीकडे शिष्यवृत्ती अधिक मिळाली असती' ही सबब मात्र या वाटेत बसत नाही. भारतीय पालकांसाठी तर ही वाट आणखी अरुंद आहे. परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश देणारी महाविद्यालये मोजकीच. अन्यत्र साहाय्याची मागणी हीच निवडीच्या आड येऊ शकते. शिवाय चार वर्षांत डॉलर कोठे जाईल हे करारपत्रात लिहिलेले नसते.

बांधून घेणे सर्वस्वी गैर आहे, असे नव्हे. आपल्याकडे अकरावीच्या केंद्रीय प्रवेशातही पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. पण तेथे सर्व पसंतीक्रम आधी नोंदलेले असतात आणि वाटप एकाच वेळी, सर्वांसाठी होते. गेल आणि शॅप्ली यांनी १९६२ साली मांडलेली प्रवेशाची उपपत्ती अशाच एकत्रित वाटपाची आहे. अमेरिकेत प्रत्येक महाविद्यालय आपापली बाजारपेठ इतरांच्या आधी उघडू पाहते.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००६ साली हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठाने लवकर प्रवेश बंद करण्याचे जाहीर केले. त्यांपैकी हार्वर्डची योजना तर बंधनकारकही नव्हती. प्रतिस्पर्धी मागोमाग आले नाहीत, आणि २०११ मध्ये हार्वर्ड व प्रिन्स्टन यांनी लवकर प्रवेश, बंधनाविना का होईना, पुन्हा सुरू केला. २०१९ साली न्याय खात्याने स्पर्धेच्या कायद्याचा बडगा उगारताच प्रवेश-समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेने, लवकर अर्ज करणाऱ्यांना खास आमिषे दाखवू नयेत हा आपला नियम काढून टाकला. स्पर्धा वाढविण्यासाठी टाकलेल्या पावलाने बांधून घेण्याच्या प्रथेलाच बळ द्यावे, हा योगायोग मासलेवाईक म्हणावा लागेल. याच प्रथेमुळे शुल्क चढे राहते, असा आरोप करणारा दावा २०२५ च्या ऑगस्टमध्ये ३२ महाविद्यालयांविरुद्ध दाखल झाला. दरम्यान, अनेक महाविद्यालयांनी जानेवारीत दुसरी बंधनकारक फेरीही सुरू केली आहे. डिसेंबरात नकार मिळालेल्या मुलापुढे तेच करारपत्र पुन्हा येते, आणि या वेळी त्याच्या हाती विचारासाठी जेमतेम दोन-तीन आठवडे असतात.