प्रेक्षक ओसरतो तेव्हा

लखनौच्या अमीनाबाद बाजाराला नाव मिळाले ते अवधचा बादशहा अमजद अली शहा याचा वजीर अमीनुद्दौला याच्यावरून. चिकनचे कपडे, गडबडझाल्यातील बांगड्या, टुंडे कबाब आणि कुल्फी-फालुदा यांसाठी हा बाजार प्रसिद्ध आहे. अलीकडे ह्याच्या गल्लीबोळांतून मोबाइल उंचावून फिरणारा एक नवा व्यावसायिकही दिसू लागला आहे. तो बाजाराचे व्हिडिओ तयार करतो, ते यूट्यूबवर ठेवतो आणि जाहिरातींच्या उत्पन्नातून मिळणाऱ्या वाट्यावर घर चालवू पाहतो. दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते ते बहुधा डोळ्यांदेखत. ह्याचा प्रेक्षक मात्र एका आठवड्यात निम्म्यावर येऊ शकतो; आणि तो का गेला, हे सांगायला कोणी दारात थांबत नाही.

अशा वेळी मन दोन टोकांना धावते. एक तर आपली कला आटली असे वाटते, नाही तर कंपनीने आपल्यावर डूख धरला आहे असे वाटते. दोन्ही निष्कर्ष उतावळे होत. औषधापूर्वी निदान हवे, आणि त्यासाठी यूट्यूबचा व्यवहार समजून घेतला पाहिजे.

तेथे प्रेक्षक व्हिडिओ शोधत येतो त्यापेक्षा पुष्कळदा व्हिडिओच त्याच्यापुढे मांडला जातो. ह्या माणसाने पूर्वी काय पाहिले, काय अर्ध्यावर सोडले, यांवरून यंत्र अंदाज बांधते. म्हणून चॅनेलचालकाने तीन आकडे वेगवेगळे वाचावेत. व्हिडिओचे मुखचित्र किती वेळा लोकांपुढे मांडले गेले, हा पहिला. त्यांपैकी कितींनी ते उघडले, हा दुसरा. उघडल्यावर ते किती वेळ थांबले, हा तिसरा. तिसरा आकडा घसरला असेल तर दोष बहुधा मजकुरात असतो. दुसरा घसरला असेल तर शीर्षक व मुखचित्र तपासावे. परंतु व्हिडिओ नव्या, अपरिचित लोकांपुढे मांडला जाऊ लागला की उघडण्याचे प्रमाण आपोआप उतरते, हेही ध्यानात ठेवावे. दुसरा व तिसरा स्थिर असून केवळ पहिलाच घटला असेल, तर कारण बहुधा कर्त्याच्या बाहेरचे असते: यंत्राचे निकष बदललेले असतात किंवा लोकांची हौस दुसरीकडे वळलेली असते. कित्येकदा तर हंगामच सरलेला असतो.

हंगामाची गोष्ट अमीनाबादच्या उदाहरणाने चांगली उमजते. रमजानच्या रात्री हा बाजार उशिरापर्यंत गजबजलेला असतो, आणि त्या दिवसांत त्याच्या व्हिडिओंनाही मागणी असणे स्वाभाविक आहे. परंतु चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. २०२४ साली ईद ११ एप्रिलला आली, तर २०२५ साली ३१ मार्चला. म्हणजे २०२४ च्या एप्रिलमधील पहिले १० दिवस रमजानचे होते. २०२५ च्या एप्रिलला त्यांतील एकही दिवस लाभला नाही. एप्रिलची एप्रिलशी तुलना करणारा माणूस ह्या घटीला आपले अपयश मानील. वस्तुतः ती पंचांगातील घट होय.

मात्र सर्वच ओहोटी परतणारी नसते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ अ‍ॅपांवर बंदी घातली. त्यांत टिकटॉक होते, ज्याचे भारतातील वापरकर्ते सुमारे २० कोटी मानले जात. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून नाव कमावलेल्या कित्येकांचा सारा प्रेक्षकवर्ग त्यासरशी नाहीसा झाला. प्रेक्षकांनी त्यांना नाकारले नव्हते. दोघांमधला एकमेव पूल कोसळला होता. ज्यांनी आपल्या चाहत्यांना आधीच दुसरीकडेही बोलावून ठेवले होते, त्यांना निदान एक वाट उरली.

लखनौने असा आघात पूर्वी सोसला आहे. फेब्रुवारी १८५६ मध्ये इंग्रजांनी अवध खालसा केले. वाजिद अली शहा कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला गेला आणि त्याच्या दरबारावर पोसलेल्या कलावंतांचा आश्रय तुटला. काही त्याच्यामागून गेले, काहींनी रामपूरसारखे दरबार गाठले. त्यांची विद्या रातोरात उणी झाली नव्हती. तिला एकच आश्रयदाता होता, एवढेच. पुढे ७० वर्षांनी, १९२६ साली, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने ह्याच शहरात संगीताचे मॅरिस कॉलेज निघाले. तेच आजचे भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय. अमीनाबादेपासून जवळच, कैसरबागेत, वाजिद अली शहाच्या परीखान्यात ते नांदते आहे. दरबार एका फर्मानाने बुडतो. शिष्यांतून पसरलेली विद्या तशी बुडत नाही.

ह्यातून व्यवहाराचे चार नियम निघतात. घट दिसताच सर्व काही बदलू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काही व्हिडिओंपर्यंत परिणाम पाहावा. भरतीच्या महिन्यातील मिळकत कायमची समजून कर्जाचा हप्ता बांधून घेऊ नये. ओहोटीच्या काही महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. जाहिरातीशिवाय उत्पन्नाची दुसरी एखादी वाट, शिकवणीची वा इतरांसाठी चित्रण करून देण्याची, चालू ठेवावी. आणि नेहमीच्या प्रेक्षकांशी त्या कंपनीच्या मध्यस्थीवाचूनही संपर्क राहील, अशी सोय वेळीच करावी.

आकडा तासातासाला पाहिल्याने वाढत नाही. पाहणाऱ्याची झोप मात्र उडते. आणि घाबरलेला माणूस गेलेली गर्दी परत आणण्यासाठी भडक बोलू लागतो, तेव्हा उरलेला विश्वासू प्रेक्षकही दुरावतो. ओसरलेल्या हजारांची मोजदाद करण्याआधी, जे अजून शेवटपर्यंत पाहतात त्यांना काय आवडले हे विचारून घेणे अधिक फलदायी ठरते.