शाळा अंगणात आली

दिवाळीची सुटी लागली, की आमच्या इमारतीच्या आवारात किल्ल्याची गडबड उडते. विटा येतात, पोती येतात, चिखलाने फ्रॉक आणि सदरे माखतात, आणि वरच्या मजल्यावरून आयांचा आरडाओरडा सुरू होतो. बुरूज किती उंच, तटाचा उतार किती, अळीव कधी पेरले म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत उगवतील, हे सारे हिशेब मुले आपसांत करतात. याला शिक्षण म्हणावे, असे मात्र आपल्या मनातही येत नाही. शिक्षण म्हणजे शाळा, गणवेश आणि फी!

पण माती हेच ज्यांचे पहिले पुस्तक झाले, अशा मुलांची एक शाळा आपल्याच महाराष्ट्रात उभी राहिली. तिची हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर ऐकण्याजोगी आहे.

मुंबईहून गुजरातकडे जाताना डहाणूच्या पुढे घोलवड लागते. चिकूसाठी ते गाव प्रसिद्ध. शेजारी समुद्रकाठचे बोर्डी, आणि आत डोंगराच्या बाजूला कोसबादची टेकडी. अवतीभवती वारल्यांचे पाडे. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. राजकोटच्या अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले होते. भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबरीने बालशिक्षणाचे काम केले होते. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या नूतन बाल शिक्षण संघाच्या त्या आधारस्तंभ होत्या. शहरातल्या बालशिक्षणात नाव मिळाले होते. सुखाने दादरला राहता आले असते.

पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. मादाम माँटेसरींनी आपले पहिले बालगृह १९०७ साली उघडले, ते रोममधल्या गरिबांच्या वस्तीत. आपल्याकडे मात्र तीच पद्धत महागड्या साधनांमुळे सुखवस्तू घरांच्या दारातच थांबली. गरिबांसाठी निघालेली गाडी श्रीमंतांच्या स्टेशनावरच रिकामी झाली, म्हणा ना!

बोर्डीला त्यांच्या हाताशी आल्या अनुताई वाघ. बालवयात लग्न, बालवयातच वैधव्य, त्यातून हिमतीने शिकून पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झालेल्या. या दोघींनी बालवाडी उघडली. जागा होती, बाई होत्या, सारे होते. पण ज्यांच्यासाठी मांडामांड केली होती, ती दलित आणि आदिवासी वस्तीतली मुलेच फिरकेनात.

आपण असतो तर काय म्हटले असते? “या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही!” आणि हात झटकून मोकळे झालो असतो. या दोघींनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, इतके साधे उत्तर त्यांनी काढले. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात त्या जाऊन बसल्या. आधी आंघोळ, नखे आणि केस. मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. आज देशभर रुळलेल्या या शब्दामागे हे असे एक शेणाने सारवलेले अंगण आहे.

आणि साधने? परदेशी ठोकळ्यांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पाने, चिकणमाती. मोजायला चिंचोके काय वाईट? ते हरवले तरी कोणी रागावत नाही, आणि घरी गेले तरी मुलाला सापडतात.

१९५७ मध्ये संस्था कोसबादच्या टेकडीवर गेली, तेव्हा नव्या अडचणी समोर आल्या. सातआठ वर्षांची मुलगी शाळेत येई ना, कारण कडेवर धाकटे भावंड. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तीच विकासवाडी. मुलगे येत ना, कारण गुरे राखायची. मग शिक्षकच कुरणात गेले! गुरे चरताहेत, झाडाखाली फळा टेकवला आहे आणि धडा चालला आहे, अशी ती कुरणशाळा.

वारली घरांच्या भिंती ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना आणखी एक गोष्ट पटेल. गेरूच्या किंवा मातीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती माणसे म्हणजे दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ. लग्नाचा चौक सुवासिनींनी लिहायचा, हा तिथला रिवाज. अशा घरातल्या मुलाला आकार कळत नाहीत असे कोण म्हणेल? त्याला पुस्तकातली भाषा परकी होती, एवढेच. गाणे, नाच, चित्र यांच्या वाटेने त्याच्याजवळ जाता येते, हे कोसबादने ओळखले.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. अनुताईंनी हे डोळ्यांनी पाहिले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्यांनीही निरोप घेतला. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. तिथल्या ताई आहार वाटतात, वजने घेतात, लसीकरणाला मदत करतात, नोंदवह्या भरतात. आणि हातात पडते ते पगार नव्हे, मानधन. एवढ्या व्यापात गाण्याला आणि मातीला किती वेळ उरत असेल, हा प्रश्न आपण विचारायला हवा. पोट भरलेच पाहिजे. पण पोट भरलेल्या मुलाला खेळायलाही हवे असते.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत आवारातला किल्ला पाहताना जरा आजूबाजूलाही पाहा. आपल्याच इमारतीमागे, बांधकामाच्या पत्र्यांआड, एखादे मूल दुरून तो किल्ला बघत उभे असेल. त्याला हाक मारा. माती सर्वांना पुरेल एवढी आहे. आणि ते लाजून आले नाहीच, तर ताराबाई-अनुताईंनी केले तेच करावे: आपण उठून त्याच्या अंगणात जावे.