न फुटलेला गुंता

मेंदूतल्या धमन्या आणि शिरा यांच्यामध्ये केशवाहिन्यांचं बारीक जाळं असतं. तिथे रक्ताचा जोर ओसरतो. काहींच्या मेंदूत एखाद्या ठिकाणी हे जाळंच नसतं. धमन्या थेट शिरांना जोडल्या जातात, वाहिन्यांचा गुंता होतो आणि तो जोर न पेलून फुटू शकतो. तो बंद करण्याच्या एम्बोलायझेशन या उपचारात जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी तिथवर नेऊन गोंदासारखं द्रव्य सोडतात. कवटी उघडावी लागत नाही, म्हणून उपाय निर्धोक वाटतो. तसा तो नाही. एकट्या त्याने गुंता कायमचा बंद होणं मोजक्याच रुग्णांत साधतं. बहुधा ती शस्त्रक्रियेची किंवा किरणोपचाराची पूर्वतयारी असते.

न फुटलेल्या गुंत्यांवरील ‘अरुबा’ चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. सरासरी ३३ महिन्यांत मृत्यू किंवा स्ट्रोक केवळ औषधोपचार घेणाऱ्यांपैकी १०.१ टक्क्यांना, तर औषधांसोबत असा एखादा हस्तक्षेपही ठरवलेल्या गटात ३०.७ टक्क्यांना आला. यावरचा आक्षेप रास्त आहे: विशीतल्या रुग्णापुढे ३३ महिने नव्हे, पन्नास वर्षं असतात आणि धोका वर्षागणिक साठतो. म्हणूनच हस्तक्षेप करायचा की नाही, हे वय, गुंत्याचा आकार, जागा पाहूनच ठरवावं. मात्र एकदा रक्तस्राव झालेल्या रुग्णाला हे आकडे लागू नाहीत; त्याचा गुंता पुन्हा फुटण्याची भीती कितीतरी मोठी असते.